दाखल्याचा मुहूर्त आणि प्रणालीचा आखाड

आमच्या घरात मुहूर्त पाहत नाहीत. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी पंचांग, राहुकाळ, अमावास्या हे सगळं घराबाहेर गेलं, ते परत आलं नाही. माझं लग्न रविवारी भर दुपारी लागलं, कारण सगळ्यांना सुट्टी होती. ते अजून टिकून आहे. अशा घरातली मी बाई महागाव तालुक्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात लिपिक म्हणून लागले, वरिष्ठ लिपिक झाले, आणि इतकी वर्षं रोज लोकांना मुहूर्तच सांगत आले. लग्नाचा नव्हे, दाखल्याचा. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जायचं असेल तर अर्ज कधी द्यावा, याचा.

आमचे शिपाई दिनकरभाऊ खिडकीतून डोकं आत घालून सांगतात, "म्याडम, मुहूर्तवाले आले." मग मी चष्मा लावते.

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे शिक्का मारणं वाटतं. म्हणून आधी काम समजावून सांगते. आमच्या स्टँडवर यवतमाळची गाडी लागली की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. दार उघडण्याआधी खिडकीतून रुमाल पडतात, टोप्या पडतात, पिशव्या पडतात. एका मावशींनी खिडकीतून नातू आत सोडलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि त्यांना सीट मिळाली. कॉलेज बदलणं म्हणजे एका गाडीतून उठून दुसऱ्या गाडीत बसणं. आधी पलीकडच्या गाडीत रुमाल टाकायचा, मग इकडची सीट सोडायची. रुमाल म्हणजे नव्या कॉलेजचं पत्र: आमच्याकडे जागा रिकामी आहे, या विद्यार्थ्याला घ्यायला आम्ही तयार आहोत. ते पत्र आलं की आम्ही ना-हरकत देतो. आणि सर्वांत शेवटी दाखला, म्हणजे टीसी. दाखला काढला की तुम्ही सीटवरून उठलात. तुमच्या जागेवर मागचा कोणीतरी बसतोच. आपल्याकडे रिकामी सीट कोणी पाहत बसत नाही.

एवढी साधी गोष्ट. पण खिडकीवर येणारा जवळपास प्रत्येक माणूस पहिलं वाक्य एकच बोलतो: "म्याडम, दाखला काढाचा हाये." कुठं जायचं, तिथं जागा आहे का, काही माहीत नाही. दाखला मात्र आत्ता पाहिजे, गाडी खाली उभी आहे.

आता मुहूर्त. निकालाच्या आधी अर्ज देऊन उपयोग नाही, कारण गुणपत्रिकेशिवाय तो अर्ज म्हणजे नुसती इच्छा. निकाल लागला त्याच दिवशी धावूनही उपयोग नाही. त्या दिवशी प्रत्येक कॉलेज म्हणतं, आमच्याकडे जागा नाही. खोटं नसतं ते. कोण जाणार आणि कोण राहणार हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नसतं. मग नर्सिंगच्या याद्या लागतात, पोलीस भरतीची मुलं जातात, दोन-चार जण औषधनिर्माणाकडे वळतात, आणि वर्गात भोकं पडायला लागतात. ती भोकं दिसली की रिकाम्या जागांची यादी फलकावर लागते. यादी लागल्यापासून भरेपर्यंत जो थोडा काळ असतो तोच मुहूर्त. त्यात बाजाराचा दिवस टाळावा, कारण त्या दिवशी अर्धा तालुका आमच्या खिडकीवर असतो. प्राचार्यांच्या सहीला पहिल्या चहानंतर यावं, तपासणी समितीच्या आठवड्यात येऊच नये. हे कुठल्या परिपत्रकात नाही. हे मी बसून बसून शिकले.

लवकर येणाऱ्यांचे मेरुमणी म्हणजे फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचे काका. हे फेब्रुवारीतच आले. परीक्षा झालेली नव्हती.

"पोट्ट्याले पुसदच्या कॉलेजात टाकाचं हाये. अर्ज घेऊन ठेवा."

"काका, निकाल लागू द्या. जुलैत या."

"जुलैत गर्दी राह्यते. मले पयला नंबर पाह्यजे."

"पण काहून बदलायचं? मुलगा तर चांगला शिकतो आहे."

काकांनी मागं वळून पाहिलं, खिडकीत तोंड घातलं आणि म्हणाले, "एका पोरीच्या मागं फिरून राह्यला. इथून उचललाच पाह्यजे."

मी अर्ज घेतला. त्यांना पहिला नंबर पाहिजे होता, तो दिला. तेवढ्यानं माणसाला समाधान होत असेल तर माझं काही जात नाही. दोन दिवसांनी दुसरे एक गृहस्थ आले. मुलीचे वडील. त्यांनाही मुलगी इथून उचलायची होती, कारण एक मुलगा मागं फिरत होता. कुठं टाकायची? पुसदला. मी दोन्ही अर्ज एकावर एक ठेवले. अर्ज गोपनीय असतो, त्यामुळे बोलण्याचा प्रश्नच नव्हता. जुलैत दोघांनाही पुसदला जागा मिळाली. दोन्ही बापांची वेळ इतकी अचूक जमली की मी मुहूर्त काढून दिला असता तरी जमली नसती. गेल्या वर्षी काका लग्नाची पत्रिका घेऊन आले. पत्रिका माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुमाले माहीत होतं नाही?" मी म्हटलं, "काका, पहिला नंबर तुम्हीच मागितला होता."

उशिराचे लोक निराळे, आणि उलटे लोक आणखी निराळे. उलट्यांमध्ये आकाश. नागपूरला जाणार म्हणून त्यानं दाखला मागितला. तिथलं पत्र आलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "माझा मामा पाहून राह्यला तिकडं." मी त्याला रुमालाची गोष्ट सांगितली. तो हसला. अर्ज नियमात होता, शुल्क भरलेलं होतं, मी दाखला दिला. मित्रांनी गेटवर केक कापून निरोप दिला, फोटो काढले, एकानं भाषणही केलं. पंधरवड्यानं आकाश परत आला. मामानं खूप पाहिलं, पण जागाच नव्हती. आमच्याकडची त्याची जागा तोवर मागच्या वर्षी राहिलेल्या एका मुलाला गेली होती. पूर्ण वर्ष तो कुठल्याच कॉलेजचा नव्हता. निरोपाचे फोटो मात्र सगळ्यांच्या मोबाइलवर होते, म्हणून बिचारा रस्ता बदलून जायचा. मला वाईट वाटायचं, पण वाईट वाटण्यानं जागा निर्माण होत नाही. आता त्याचं कॉलेजसमोरच मोबाइल दुरुस्तीचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्सला आलेल्या पोरांना तो स्वतःहून सांगतो, "म्याडमले विचारल्याशिवाय उठू नका रे." माझी एवढी जाहिरात कोणी केली नाही.

हे सगळं झालं नेहमीचं. यंदाची गोष्ट प्रणालीची.

प्रणाली फुलसावंगीची. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष आमच्याकडे झालं. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, राळेगावला. राळेगाव म्हणजे जिल्ह्याचं अगदी दुसरं टोक. जावई चाकणला कंपनीत, घर सासू-सासऱ्यांचं. बोलणी झाली तेव्हा सासऱ्यांनी मोकळेपणानं सांगितलं होतं, "पोरीनं शिकावं, आमची ना नाही. गावातच कॉलेज हाये. पन यंदाचं वर्ष वाया गेलं त मंग पुन्हा तो विषय नाही." माणूस शब्दाचा पक्का. दोन्ही बाजूंनी.

म्हणजे प्रश्न सरळ होता. यंदा राळेगावला तिसऱ्या वर्षाला जागा मिळाली तर प्रणाली पदवीधर. नाही मिळाली तर दोन वर्षांच्या गुणपत्रिका आणि चुलीवर पातेलं.

राळेगावच्या कॉलेजात माझ्यासारखंच काम करणारे गजाननभाऊ आहेत. आमची फोनवरची ओळख जुनी. त्यांना मी सांगून ठेवलं होतं. एका दुपारी त्यांचा फोन आला. "म्याडम, विज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला दोन जागा निघाल्या. सोमवारी यादी लावतो. जो आधी येईन त्याचा अर्ज आधी. पोरगी सोता पाह्यजे, फोटो इथंच काढा लागते. अन् सासरचं कोनी पालक मनून सही कराले."

मी लगेच प्रणालीच्या वडिलांना, देवरावभाऊंना, बोलावलं. ते प्रणालीला घेऊन आले, खुर्चीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपी गुडघ्यावर आली की समजावं, अडचण मोठी आहे.

"म्याडम, सोमवारी जमत नाही."

"काहून?"

"आखाड लागला ना."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात, म्हणजे आखाडात, सुनेनं सासूचं तोंड पाहू नये अशी रीत आहे. म्हणून नवी नवरी महिनाभर माहेरी येऊन राहते. यंदा ज्येष्ठाच्या आधी अधिक महिना आला आणि आखाड पुढं ढकलला गेला. ढकलला तो बरोबर आमच्या रिकाम्या जागांच्या यादीवर येऊन बसला. आमच्या घरी आखाड पाळत नाहीत, त्यामुळे माझ्या हिशेबात हा महिना कधी आलाच नव्हता. निकाल, याद्या, तपासणी समिती, बाजार, सगळं मी धरलं होतं. चंद्र धरला नव्हता.

"आखाड सरला की पयल्या दिवशी जातो," देवरावभाऊ म्हणाले.

"आखाड सरेपर्यंत जागा सरेल."

प्रणाली म्हणाली, "बाबा, मी सांगतलं होतं तुमाले. लावा फोन आईले." आई म्हणजे सासू.

देवरावभाऊंनी फोन लावून माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यापासून थोडे लांब सरकले. पलीकडून आवाज आला तो दिनकरभाऊंना बाहेर स्टुलावर ऐकू गेला.

"बोला भाऊ!"

मी माझी ओळख सांगितली, जागांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई, आखाड सरू द्या. कॉलेज कुठी पळून जाते का?"

"कॉलेज नाही पळत. जागा पळते."

"मंग आमी काय कराव? रीत हाये. माह्या जावेनं सून आखाडात आणली होती, त त्यायची म्हैस मेली."

"म्हैस सुनेमुळे मेली?"

"ते मले नाही माहीत. पन मेली."

म्हशीवर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी परिपत्रक वाचते तशी रीत वाचायचं ठरवलं. परिपत्रकात मी एकच पाहते, नक्की मनाई कशाची आहे.

"ताई, मला एक सांगा. रीत नेमकी काय आहे? गावाच्या शिवेत यायचं नाही, की तुमच्या घरात यायचं नाही, की तोंड पाहायचं नाही?"

त्या विचार करू लागल्या. "तोंड पाहाचं नाही. अन् घरात त येतच नाही."

"शिवेचं?"

"शिवेचं काही नाही बाप्पा. एसटी त जातेच ना शिवेतून."

"मग कॉलेज तुमच्या घरात आहे का?"

देवरावभाऊ टोपीकडे पाहून हसले. प्रणालीनं ओठ दाबून धरले.

"पाहू," सासूबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला. 'पाहू' म्हणजे हो की नाही हे आमच्या जिल्ह्यात कुणालाच सांगता येत नाही. रात्री उशिरा सासऱ्यांचा निरोप आला: पोरगी येऊ द्या, मी कॉलेजात येतो सही कराले.

सोमवारी देवरावभाऊंकडे शेतात डवरणी होती, मजूर मोठ्या मुश्किलीनं मिळालेले. प्रणालीची आई एकटी इतक्या लांब गेलेली नव्हती. "म्याडम, तुमीच चला ना," असं प्रणाली म्हणाली, आणि माझी किरकोळ रजा पडूनच होती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझी बदली झाली काय राळेगावले?" मी म्हटलं, "नाही, रुमाल टाकायला चालले."

पहाटेची गाडी, यवतमाळला दुसरी. राळेगावला उतरलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याला लागलेली. गेटजवळ येताच प्रणालीनं माझा दंड धरला.

"म्याडम. आई."

"कुठे?"

"त्या. हिरव्या लुगड्यात. खिडकीपाशी. तिकडचे बाबा नाही आले. त्याच आल्या."

आणि ही चक्क उलटी फिरून स्टँडकडे निघाली. मी तिला धरून आणली. सगळ्या मुली उन्हाच्या, धुळीच्या नावाखाली तोंडाला स्कार्फ बांधतात, तसा तिनंही बांधला होता. मी तो आणखी वर ओढला. नुसते डोळे उरले.

"डोळे तोंडात धरतात का?" तिनं विचारलं.

"परिपत्रकात स्पष्ट नाही. खाली पाहून चाल."

खिडकीपाशी सासूबाई रांगेत पहिल्या उभ्या होत्या. पहिल्या म्हणजे, त्यांच्या मागं एक मुलगा आणि त्याचे वडील ताटकळत होते आणि खिडकीच्या फळीवर सासूबाईंची भरलेली पिशवी ठेवलेली होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "ताई, मी महागावची म्याडम. तुम्ही कशा आल्या? भाऊ येणार होते ना?"

"त्यायचं फवारनीचं काम निघालं. अन् त्यायले रांगीत उभं राहाता येत नाही. कोनी बी पुढं घुसते." मग एकदम, "आली का ते?"

"माझ्या मागं आहे."

सासूबाईंनी झटक्यात पदर कपाळावरून हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर सूचना फलक होता. त्या दिवशी तो फलक त्यांच्याइतका लक्ष देऊन कोणीच वाचला नसेल.

आमच्या लग्नात अंतरपाट नसतो. माझ्याही नव्हता. त्या दिवशी राळेगावच्या कॉलेजच्या व्हरांड्यात मी स्वतःच अंतरपाट झाले. एका बाजूला पदर, एका बाजूला स्कार्फ, मध्ये मी पर्स घेऊन. कागद इकडून तिकडे माझ्या हातून जात होते. मागच्या मुलाचे वडील म्हणाले, "हे काय चालू हाये?" गजाननभाऊ आतून म्हणाले, "आखाड." वडील लगेच समजले आणि मुलाचंही तोंड दुसरीकडे वळवलं, त्याचा काही संबंध नसताना.

"पोरीनं तोंड उघडं करा. फोटो घेतो," गजाननभाऊ म्हणाले.

प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंना म्हटलं, "ताई, आता वळू नका."

"नाही वळत. घ्या लौकर."

स्कार्फ उतरला, फोटो निघाला, स्कार्फ परत चढला. मग सासूबाईंनी पालक म्हणून सही करायची होती. त्या पदराखालून कागद शोधत होत्या, तर मी बोट धरून जागा दाखवली. सही सावकाश झाली, पण अंगठा नव्हे, सही. प्रत्येक अक्षर वेगळं, शाळेत गिरवलेलं.

गजाननभाऊंनी पत्र टंकून, शिक्का मारून बाहेर दिलं. जागा आहे, घ्यायला तयार आहोत. रुमाल पडला.

सासूबाई फलकाकडे पाहूनच मला म्हणाल्या, "झालं का बाई?"

"झालं. आता आम्ही ना-हरकत देऊ आणि मग दाखला काढू."

"आता काढला त चालते ना? इथं जागा पक्की हाये ना?"

"पक्की."

"हो, पाहून घ्या. माहा बी काढला होता, सातवीत. लगन ठरलं मनून माह्या बापानं जाऊन काढला. मंग तो लावाचा कुठं, हे कोनालेच माहीत नव्हतं." मग त्या म्हणाल्या, "त्याच्यावर कारन लिवते ना मास्तर. माह्यावर लिवलं होतं, लगन."

मी पत्राची घडी घालून पर्समध्ये नीट ठेवली.

प्रणाली माझ्या मागून हळूच पुढं गेली. सासूबाईंच्या पाठीमागं वाकून तिनं त्यांच्या टाचांना हात लावला. तोंड दोघींचंही झाकलेलं.

"कोन हाये वो?" सासूबाई फलकाला म्हणाल्या.

"कोणी नाही," मी म्हटलं. "आखाड सरला की येते म्हणते."

"बरं. तिले सांगा, ते पिशवी घेऊन जाय मना. भाकरी हाये, ठेचा हाये. यवतमाळले गाडी बदलाच्या आधी खाऊन घ्या मना, तिथं बसाले भेटत नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्या प्राचार्यांनी पहिल्या चहानंतर ना-हरकतीवर सही केली. मी प्रणालीचा दाखला लिहायला घेतला. कॉलेज सोडण्याचं कारण, असा एक रकाना असतो. लग्न झालेल्या मुलीचा दाखला असला की तिथं काय लिहायचं हे आमच्या हाताला सवयीनं माहीत असतं. मी लिहिलं, पुढील शिक्षणासाठी.

दिनकरभाऊ शिक्का घेऊन आले. त्यांनी नाव वाचलं, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि शिक्का हवेतच धरला. "म्याडम, भर आखाडात दाखला?"

"मारा शिक्का," मी म्हटलं. "पलीकडे रुमाल पडला आहे."